चार बोटं हवा

तुळशीची लग्नं उरकली की फोन यायला लागतात,
पाचगणीहून, भिलारहून, एखादा मेटगुताडहून:
‘खुर्च्या बाहेरच आहेत, जरा येऊन मापं घेऊन जा.’
मी टेप गळ्यात घालते, वही पिशवीत,
आणि वाईच्या स्टँडवरून सातची गाडी धरते.
पसरणीच्या घाटात खिडकी बंद होत नाही.
कधीच झाली नाही.

या खेपेचा बंगला सिल्व्हर ओकच्या रांगेपल्याड.
हिरवळीवर सहा वेताच्या खुर्च्या, गोल टेबल, झोपाळा,
आणि जरा बाजूला एक लाकडी बाक,
दरीकडे तोंड करून, रुसल्यासारखा.
दहिवर अजून वाळलं नव्हतं.
बैठकीवरून हात फिरवला तर बोटं ओली,
आणि वेताच्या सांध्यात काळी बुरशी,
मोहरीएवढी.

‘मालक मे महिन्यात येतात,’ माळी म्हणाला, ‘दहा दिवस.’
‘मग बाकीचं वर्षभर यांच्यावर बसतं कोण?’
‘आता थंडी बसलीया की.’
हसला नाही.

पाठ छत्तीस. बैठक बावीस.
हात जमिनीपासून पंचवीस.
सहाही खुर्च्या एकाच दुकानातल्या, एकाच दिवशी आलेल्या,
तरी एकीचं माप दुसरीला लागत नाही.
एक तर डावीकडे चांगली दोन इंच कललेली.
आधीच्या मालकीणबाई तिच्यात रेलून
संध्याकाळभर धोमचं पाणी बघायच्या म्हणे.
कव्हर त्या कलाला धरूनच शिवायचं.
सरळ शिवलं तर वारा नेमका तिथंच फाडतो.

मालकांचा पुण्याहून फोन:
‘एकदम घट्ट पाहिजे. जमिनीपर्यंत.
एक थेंब आत जाता कामा नये.’
सगळे हेच म्हणतात.
मी सगळ्यांना हेच सांगते,
की साहेब, पाणी काय वरूनच येतं असं नाही.
जमीन रात्रभर श्वास सोडते.
गच्च बांधलं की तो आतच कोंडतो,
आणि कव्हर काढाल तेव्हा
खुर्ची दिसेल शाबूत,
हात लावाल तर भुगा.
खाली चार बोटं हवा सोडायची.
‘बरं,’ म्हणाले. पटलं नाही, पण बरं म्हणाले.

हे दादांचं शिक्षण.
दादा ट्रकच्या ताडपत्र्या शिवायचे,
गुळाच्या, हळदीच्या, मेण लावलेल्या दोऱ्यानं.
‘झाकायचं म्हंजी गळा दाबायचा न्हाय.’
आता त्यांच्या हाताला कंप आहे.
दाभण माझ्याकडे आलं,
ते अंगणात, काथ्याच्या बाजेवर.
बाज रात्री बाहेरच.
पहाटे कृष्णेवरून धुकं वर येतं, काथ्या भिजून फुगतो,
दहापर्यंत उन्हात पुन्हा ताठ.
पंधरा वर्षं झाली, कव्हरवालीच्या दारात
एवढी एकच वस्तू उघडी.
लोक बोलून दाखवतात.

झोपाळ्याच्या रेक्झिनचा निळा तुकडा उरला होता.
परवा रात्री बसून बाजेचं शिवून टाकलं,
चार आयलेट, नाडी,
खाली चार बोटं हवा, ती कशी विसरेन.
सकाळी बघते तर
कव्हर शेजारच्या अंकुशच्या मोटरसायकलवर,
नाड्यासुद्धा बांधलेल्या.

‘नाही आवडलं?’
‘शिवण ब्येस हाय,’ दादा म्हणाले.
‘पर बाज झाकली तर सकाळचं ऊन कुठं बसंल?’
आणि जरा सरकले,
खरंच कुणी येऊन टेकणार असल्यासारखे.

मला सातची गाडी होती.

सहा कव्हरं झाली, टेबलाचं झालं, झोपाळ्याचंही.
बाकाचं माप वहीत तसंच आहे.
दुपारी माळी त्याच्यावर बसून भाकरी सोडतो,
पाठ उन्हाला देऊन, चप्पल काढून.
मालकांना सांगेन,
कापड पुरलं नाही.